सगळं पूर्ववत

३ मार्च, मंगळवार

घेतलं! सही करून मोकळी झाले. आज जास्त लिहवत नाही.

४ मार्च, बुधवार

आधी हे लिहून टाकते — काल मी पलंगावर झोपले. हे गेल्यापासून पहिल्यांदा. हॉलमधल्या आरामखुर्चीत मान अवघडून नाही — पलंगावर, आडवी, पाय पसरून. ऊन तोंडावर आलं तेव्हा जाग आली. दुकानात उशिरा पोहोचले तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज चेहरा वेगळाच दिसतोय तुमचा." चष्म्याचं दुकान त्यांचं, मी तिथे कामाला. दिवसभर लोकांचे चेहरेच बघतात, त्यांना कळायचंच.

आता कालचं. दुपारी दुकानातून येऊन चपला काढतेय तोच बेल. दारात सूट घातलेला माणूस. पन्नाशीचा असेल. मरून टाय, हातात भली मोठी बॅग. "ताई, विकायला काही आलेलो नाही. एक गादी फुकट साफ करून दाखवतो. आवडलं तर आवडलं." ह्यांनी असल्यांना कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. साखळी न काढता, फटीतून, "नको" — की दार बंद! मीही तेच करणार होते. पण तो म्हणाला, "थोडं पाणी मिळेल का?" पाण्याला नाही कसं म्हणायचं? म्हटलं, आत या.

पाणी प्यायला. बॅगेतून मशीन काढलं. लांब नळी, पारदर्शक डबा. झोपायची खोली कुठली, विचारलं, आणि मी दाखवली! परक्या माणसाला!

"खिडकीकडची बाजू तुमची का?"

"नाही, ह्यांची."

"कामावर गेलेत?"

"वारले. थंडीत."

त्याने टाय सारखा केला. मग म्हणाला, "माणूस जातो ताई, पण त्याचं बरंच मागे राहतं. गादीत तर फार." आणि मशीन चालू केलं.

माझी बाजू नळी फिरवल्यासारखी करून उरकली. ह्यांच्या बाजूवर मात्र किती वेळ! पुढे-मागे, पुढे-मागे, उशीपासून पायथ्यापर्यंत. मध्येच थांबायचा, डब्यातलं काळ्या फडक्यावर ओतायचा. करडी, मऊ पूड. एक फडकं झालं, दुसरं झालं, पलंगभर मांडून ठेवली. "ही कातडी असते ताई. वर्षानुवर्षांची."

मी कपाटाचा आधार घेतला. समोर हे पसरलेले होते.

शेवटी त्याने ती सगळी फडकी नळीच्या तोंडाशी धरली. सुर्रर्र — साफ! खटका बंद केला. आणि घरात जी शांतता झाली ना! मशीन बंद पडल्यावर होते ती नव्हे. तिच्याही खालची.

मीच विचारलं, सही कुठे करू?

५ मार्च, गुरुवार

कोणालाच सांगितलेलं नाही ते इथे लिहिते. नाही लिहिलं तर वर लिहिलेलं सगळं वेडेपणाचं वाटेल.

हे गाडी चालवण्याची परीक्षा घ्यायचे. निम्मं शहर ह्यांनी नापास केलं असेल! शेजारच्या सीटवर बसायचे, मांडीवर कागद. चालवणारा चुकला की तोंडाने काही बोलायचे नाहीत. फक्त घसा खाकरायचे. तो बिचारा तिथेच समजून जायचा. घरीही तेच. दूध उतू गेलं — खाकरले. फोनवर माझं बोलणं लांबलं — खाकरले. वाईट नव्हते. हात उगारणं तर सोडाच, आवाजही चढवला नाही कधी. पण लग्न झाल्यापासून मी गाडी चालवतेय आणि शेजारी हे बसलेत, असंच वाटत आलं.

आजारपणात बोलणं गेलं, खाकरणं तेवढं राहिलं. एकदा म्हणजे पाणी, दोनदा म्हणजे कुशीवर वळव.

आणि गेल्यानंतरही ते राहिलं. खिडकीच्या बाजूने. स्पष्ट! मी उठायचे, पाणी आणून ठेवायचे. सकाळी पेला तसाच भरलेला. मग खुर्चीत झोपायला लागले. तिथे जरा कमी यायचं, इतकंच.

मंगळवारपासून नाही. एकदाही नाही.

७ मार्च, शनिवार

नवं मशीन आलं. खोक्यात, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. म्हणजे मंगळवारचं ते त्याचं दाखवायचं मशीन होतं, ते तो घेऊन गेला. माझ्या लक्षातच आलं नव्हतं!

म्हणजे हे त्या माणसाच्या बॅगेत बसून जिना उतरून गेले. ह्यांना जिना उतरताना कठडा लागायचा.

हसू आलं. मग हसू आलं म्हणून रडू आलं.

८ मार्च, रविवार

मुलगी आली होती. आल्या आल्या खोकं दिसलं. "हे काय आणलंस?"

मी म्हटलं, गादी साफ करायचं मशीन. बाबांची बाजू साफ करून घेतली.

तिने किंमत वाचली आणि खाली बसली. किंमत इथे लिहीत नाही, लाज वाटते. मग करार वाचायला लागली. औषधांच्या दुकानाची मॅनेजर आहे ती. परत आलेला माल, भांडणारी गिऱ्हाइकं, कंपन्यांचे नियम, हेच दिवसभर. वाचता वाचता तिच्या कपाळावर ह्यांच्यासारखी आठी पडली.

"आई, घरी येऊन कोणी काही विकलं तर आपल्याला मन बदलायला दहा दिवस मिळतात. कायदाच आहे. कारणसुद्धा सांगावं लागत नाही. रद्द, एवढं लिहून पाठवायचं. हे सांगितलं त्याने?"

"नाही."

"रद्द करायचा वेगळा कागद दिला?"

"नाही."

"आणि हे काय? 'ग्राहकाने स्वतः बोलावल्यावरून' — इथे खूण आहे. तू बोलावलं होतंस?"

"मी फक्त आत या म्हटलं."

"बघितलंस? लबाड माणूस! आत्ता लिही. मी टाकते पोस्टात."

मी म्हटलं, आज दमलेय, उद्या लिहिते. ती बघत राहिली. म्हणाली, "तुला हवंय का हे मशीन?" काय सांगणार? मशीन नकोय. मशीनने जे केलं ते हवंय. रद्द केलं तर तेही रद्द होईल असं वाटतं. हे तिला कसं सांगू! बापाची लाडकी ती. ह्यांनी तिला एकटीलाच कधी नापास केलं नाही.

११ मार्च, बुधवार

फोन — "लिहिलंस?" लिहिते, लिहिते.

१२ मार्च, गुरुवार

पुन्हा फोन. खोटं बोलले. म्हटलं, टाकलं पोस्टात.

१४ मार्च, शनिवार

मुदत संपली. सुटले! आज उशीला नवा अभ्रा घातला. खिडकीच्या बाजूच्या.

१७ मार्च, मंगळवार

खोटं उघडं पडलं. मुलीने परस्पर कंपनीला फोन लावला. तिथली बाई म्हणे, असं काही पत्र आलेलं नाही, मुदत संपलीय, खोकं उघडलंय, आणि तुमच्या आईने स्वतःच माणूस बोलावला होता, बोलावल्यावर मन बदलता येत नाही.

मुलगी भांडली नाही. ते जास्त लागलं. नुसती म्हणाली, "आई, असं का केलंस?" आवाज इतका थकलेला! मग म्हणाली, "शुक्रवारी रजा काढ. ग्राहक मदत केंद्रात जायचंय."

एका मशीनसाठी ही इतकी का पेटलीय, कळत नाही.

२० मार्च, शुक्रवार

मदत केंद्र म्हणजे दोन खोल्या. बाहेर बाकं, आत एक बाई. सर्दीने नाक लाल झालेलं, टेबलावर रुमालांचा ढीग. पण बोलायला लागली की धार!

"बेल कोणी वाजवली?"

"त्याने."

"तुम्ही आधी फोन, निरोप, काही?"

"नाही. पण मी आत या म्हटलं हो."

"दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं — याला बोलावणं म्हणत नाहीत. तुमच्या डोक्यात नसताना जो दारात येऊन उभा राहिला, तो न बोलावताच आला. कायदा त्यासाठीच आहे. दुकानात आपण ठरवून जातो. घरात आपण बेसावध असतो, आणि उठून बाहेर पडायचीही सोय नसते."

उठून बाहेर पडायची सोय नसते! वाटलं, हिला सगळं माहीत आहे.

मुलीने मुदतीचं विचारलं. बाई शिंकली आणि म्हणाली, "कसली मुदत? रद्द करता येतं हे तोंडी सांगायचं, वर वेगळा कागद द्यायचा — दोन्ही केलं नाही. मग त्यांची मुदत सुरूच झाली नाही. उद्या करा, पुढच्या महिन्यात करा."

म्हणजे शनिवारी मी उगाच सुटले.

"आणि रद्द केल्यावर?" मी विचारलं.

"व्यवहार झालाच नव्हता असं धरायचं. मशीन त्यांचं त्यांनी स्वखर्चाने न्यायचं, पैसे तुम्हाला परत. जो जिथे होता तिथे. सगळं पूर्ववत."

पूर्ववत. जो जिथे होता तिथे.

म्हटलं, मला रद्द करायचं नाही.

मुलगी ताडकन उठली. बाई म्हणाली, "सही तुमच्या आईचीच लागेल. तुमची चालणार नाही."

बाहेर पायऱ्यांवर मुलगी म्हणाली, "बाबा असते तर —"

"बाबा असते तर दारच उघडलं नसतं!" मी ओरडले. रस्त्यात! लोक बघायला लागले. दोघींना हसू फुटलं, आणि लगेच गेलंही. तिने मला रिक्षात बसवलं आणि स्वतः चालत गेली.

२१ मार्च, शनिवार

"जो जिथे होता तिथे." दिवसभर तेच. भांडी घासताना, काचा पुसताना. दुपारी जिन्यात कोणीतरी घसा साफ केला तर हातातली डिश फुटली. वरच्या मजल्यावरचे होते.

२६ मार्च, गुरुवार

आज दुकानात खालच्या मास्तरीणबाई आल्या. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. दोघी बहिणी राहायच्या, थोरली उधळ्या स्वभावाची म्हणून ह्या धाकट्या तिला सारख्या रागवायच्या. थोरली गेल्या वर्षी वारली. चष्म्याची काडी मोडली होती, दोऱ्याने बांधून आणलेली. मी नवी फ्रेम दाखवली तर म्हणाल्या, "नको हो, आत्ता नको. हप्ते चालू आहेत."

"कसले हप्ते?"

इकडेतिकडे बघितलं त्यांनी. मग काउंटरवर वाकून — "गादी साफ करायचं मशीन."

मी विचारलं, मरून टाय?

त्या बसल्याच स्टुलावर. म्हणाल्या, "थोरलीची राख करून ठेवली हो त्याने पलंगावर! फडक्यांवर! मला बघवेना. म्हटलं, बाबा रे, कुठे सही करायची सांग, पण हे आवर आणि जा. तेव्हापासून त्या खोलीचं दार उघडलेलं नाही. स्वयंपाकघरात झोपते. तिचं अंग मी त्या मशीनमध्ये घालू दिलं. ती मला विचारते, आत काळोख आहे गं, मला इथे का ठेवलंस?"

खोक्यातलं मशीन नवं असतं, त्यात काही नसतं, असं सांगणार होते. पण त्यांना खरंच ते ऐकू येत होतं. मी कोण हसणारी?

रद्द करता येतं, म्हटलं. कायदा आहे. त्या म्हणाल्या, "एकटीने जायची छाती नाही. तुम्ही केलंत तर मागोमाग मी करीन."

त्याने मला झोप दिली आणि मास्तरीणबाईंची नेली. त्याच नळीने.

२७ मार्च, शुक्रवार

दिवसभर विचार. मला काय, मी ह्यांच्याबरोबर जन्म काढलाय. परत आले तर पाण्याचा पेला भरीन. खुर्ची आहेच. पण मास्तरीणबाई थंड फरशीवर झोपतात, त्या वयात.

संध्याकाळी मुलीला फोन केला. म्हटलं, सही करते. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज. मग — "थँक्यू, आई." रडत होती? मशीन रद्द करायला कोणी रडतं का!

९ एप्रिल, गुरुवार

सगळं लिहायचंय, नीट.

मदत केंद्रात त्यांनी कंपनीला समोरासमोर बोलावलं होतं. कंपनीचा एक साहेब — बुटका, सारखा घड्याळ बघणारा. त्याच्या शेजारी टायवाला. आज टाय निळा. इकडे मी, मास्तरीणबाई, मुलगी. सर्दीवाल्या बाईंची सर्दी गेली होती. त्यामुळे आणखीच धारदार!

साहेब म्हणाला, दोन्ही ग्राहकांनी स्वतः बोलावलं, खूण आहे. बाईंनी मला विचारलं. मी उभी राहिले. शाळेत उत्तर द्यायला राहतात तशी. "मी बोलावलं नव्हतं. बेल वाजली, मी दार उघडलं. पाणी मागितलं म्हणून आत घेतलं." आवाज कापला नाही. शेजारच्या सीटवरून कोणी खाकरलंही नाही!

मास्तरीणबाईंनी तेच सांगितलं. म्हणाल्या, "माझ्याकडेही पाणीच मागितलं. किती तहान लागते हो तुम्हाला?"

मग साहेब म्हणाला, मालात खोट नाही, मशीन उत्तम आहे, गादीतली धूळ दोघींनी डोळ्यांनी पाहिली. बाई म्हणाल्या, "मग दाखवा की. ही माझी खुर्ची, कित्येक वर्षं कोणी झटकलेली नाही." नवं मशीन लावलं. गुरगुर खूप. डब्यात — एक केस. बस.

"आता दाखवायचं मशीन काढा. रोज बॅगेत असतं ते."

टायवाला साहेबाकडे बघायला लागला. साहेब घड्याळाकडे. बाईंनी स्वतःच बॅग पुढे ओढली, नळी उचलली आणि टेबलावर आपटली. भस्सकन करडी पूड! फायलींवर, कागदांवर, साहेबाच्या बाहीवर.

टायवाला हळूच म्हणाला, "कोळशाची पूड आहे. अंगाला लावायच्या पावडरीत मिसळलेली. सगळेच भरतात. गादीतून एवढं कधी निघत नाही हो."

मास्तरीणबाईंनी माझं मनगट धरलं. "म्हणजे ती थोरली नव्हती?"

"नाही हो बाई."

"नव्हती ना? नक्की?" त्या हसत होत्या आणि डोळ्यांतून धारा. "अगं बाई, मग ती खोलीतच आहे! मी उगाच दार लावून घेतलं."

माझं उलटं झालं. पायाखालचं काढून घेतल्यासारखं. माझ्या घरातून काहीच गेलं नव्हतं. चिमूटभरसुद्धा नाही.

सह्या झाल्या. दोघींचे करार रद्द, आणि बाकीच्या तक्रारी आहेत का ते केंद्र शोधणार आहे. मुलीने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. सगळ्यांदेखत.

बाहेर जिन्यात टायवाला भेटला. बॅग खाली ठेवून उभा. मी विचारलं, आमचीच घरं कशी शोधता? म्हणाला, "पेपरात फोटो येतात ना ताई, गेलेल्यांचे. खाली पत्ता असतो." लाज नाही वाटत? म्हणाला, "वाटते." मग जरा वेळाने, "पण एक विचारू? त्या दिवशी मशीन बंद केल्यावर तुम्हाला बरं वाटलं होतं. मी चेहरा बघितला तुमचा. इतकी वर्षं हे करतोय, तसा चेहरा नाही बघितला कधी."

मी म्हटलं, हो. बरं वाटलं होतं.

"मग काय गेलं ते? पूड तर माझी होती."

कठडा धरून उतरले.

११ एप्रिल, शनिवार

मशीन घेऊन गेले. खोक्याच्या जागी फरशीवर चौकोन राहिलाय, पुसला. पलंगाजवळ पाण्याचा पेला भरून ठेवला. यायचं असेल तर या म्हटलं.

१२ एप्रिल, रविवार

नाही आले. झोप लागली नाही, पण आले नाहीत.

१३ एप्रिल, सोमवार

नाही.

मास्तरीणबाई जिन्यात भेटल्या. खोली उघडली, खिडक्या धुतल्या, थोरलीच्या पलंगावर झोपतात. "मस्त भांडलो काल रात्री," म्हणाल्या. गालांवर रंग आलाय. नवी फ्रेम घ्यायला येणार आहेत.

ज्यांना हवंय त्यांचं माणूस परत आलं. माझं पूर्ववत काही होत नाही. आनंद व्हायला हवा. पण सारखा कान लागतो. पूड खोटी, मशीन खोटं, करार झालाच नव्हता — मग हे गेले कुठे? आणि त्याच दिवशी कसे गेले?

१६ एप्रिल, गुरुवार

पेल्यातलं पाणी झाडाला घातलं. उद्यापासून ठेवणार नाही.

१९ एप्रिल, रविवार

मुलगी आली. डोळ्यांखाली काळं. जावई कामासाठी बाहेरगावी, घरात एकटीच असते. विचारलं, बरं नाही का? "काम आहे खूप." ताटावर बसल्या बसल्या डुलकी लागली तिला. उठवून पलंगावर नेलं, तर खिडकीच्या बाजूला बाबांच्या जागेवर मेल्यासारखी झोपली, संध्याकाळपर्यंत. जाताना दारात घुटमळली. "आई, इथे — काही नाही, जाऊ दे."

२२ एप्रिल, बुधवार

आज फोनवर बोलता बोलता मध्येच म्हणाली, "थांब हं, आलेच." आणि खूप वेळाने परत आली. कुठे गेली होतीस? म्हणाली, "पाणी ठेवायला."

कोणाला, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. पण फोन ठेवल्यावर मोजत बसले, कधीपासून असेल.

२३ एप्रिल, गुरुवार

दुकानात गेले नाही. सरळ तिच्या दुकानी. काउंटरमागून बाहेर ओढलं तिला. कधीपासून? म्हणाली, "तू बाबांची बाजू साफ केलीस ना, त्या दिवसापासून. माझ्या उशाशी. मला वाटलं, मशीन परत गेलं की तेही परत जातील तुझ्याकडे." आणि मग, अगदी लहानपणीच्या आवाजात — "आई, ते आता मलाही खाकरतात गं."

म्हटलं, तुझ्या घराची चावी दे. आजपासून तू माझ्याकडे झोप. मी जाते तिकडे.